सीमाभागातले कॉलेज प्रवेश : कोणती यादी, कोणता दाखला?

एप्रिल-मे उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून आरक्षण आणि प्रवेशाबद्दलची पत्रे वाढतात. या अंकात त्यांतली निवडक घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही मराठा. कोल्हापूरच्या मेहुण्यांच्या मुलाला तिकडे एसईबीसीत (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० टक्के आरक्षण आहे. इकडे कुणी सांगतं आपण ३-बी, कुणी म्हणतं आता २-डी झालं. मुलगी यंदा सीईटी देतेय. फॉर्मवर नेमकं काय लिहायचं? (शेतकरी, खानापूर तालुका)

उत्तर : ३-बी लिहा. मागासवर्गाची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, त्यामुळे एकाच समाजाचा, एकाच घराण्याचा माणूस राज्याची हद्द ओलांडली की दुसऱ्या गटात जातो. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मराठा समाजाला एसईबीसी म्हणून १० टक्के दिले. त्याआधीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता, आणि नव्या कायद्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान आहे. त्यातलं काहीही तुमच्या मुलीला बेळगावात लागू होत नाही.

कर्नाटकात इतर मागासांना ३२ टक्के आहेत आणि ते पाच गटांत विभागलेत : प्रवर्ग-१ ला ४, २-ए ला १५, २-बी ला ४, ३-ए ला ४ आणि ३-बी ला ५. अनुसूचित जातींना १७ आणि जमातींना ७ टक्के २०२२ च्या कायद्याने झाले; आधी ते १५ आणि ३ होते. एकूण ५६ होतात. या वाढीवर न्यायालयात प्रश्न उभे झालेले आहेत, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं केईएचं, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचं, माहितीपत्रक उघडून टक्केवारी पाहावी. मागच्या वर्षी शेजाऱ्याने काय भरलं त्यावर जाऊ नये.

२-डी हे नाव मार्च २०२३ चं. तेव्हाच्या सरकारने २-बी चे ४ टक्के काढून २-सी आणि २-डी असे दोन नवे गट केले होते. ३-बीतले सगळे समाज ७ टक्क्यांच्या २-डीत जाणार होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुनी व्यवस्था चालू राहिली.

आता या ५ टक्क्यांतून हाताला काय लागतं ते एका उदाहरणावर पाहू. एखाद्या खासगी, अल्पसंख्याक नसलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका शाखेला ६० जागा धरा. साधारण ४५ टक्के केईएकडे येतात, म्हणजे २७. बाकीच्या कॉमेडके (खासगी कॉलेजांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा) आणि मॅनेजमेंटच्या. तिथे ३-बी चालत नाही. २७ चे ५ टक्के म्हणजे १.३५. त्या शाखेत ३-बीची एक जागा, फार तर दोन. आणि त्या एका जागेवर मराठ्यांबरोबर लिंगायत समाजही आहे, जैन आणि ख्रिश्चनही. म्हणून बऱ्याच शाखांत ३-बीचा कटऑफ जीएमच्या, म्हणजे खुल्या गटाच्या, अगदी जवळ असतो. मराठा समाजाला २-ए मध्ये घ्या ही मागणी वर्षानुवर्षं जोर धरून आहे ती यामुळेच. मागणी मान्य होईल तेव्हा होईल. यंदाचा फॉर्म यंदाच्या यादीवर भरायचा आहे.

एवढ्यासाठी दाखला काढायचा का, असं काहींच्या मनात येतं. काढाच. संगणक तुमच्या मुलीला आधी गुणवत्तेवर जीएममध्ये पाहतो आणि ३-बीतही पाहतो. दाखल्याने तिचं काही कमी होत नाही. दोन-तीनशे रँकच्या फरकाने शाखा बदलते, तिथे हा एक कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : मुलीचा जात-उत्पन्न दाखला आहे, पण केईएच्या साइटवर आरडी नंबर टाकला की मेळ बसत नाही म्हणून येतं. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) विचारलं तर दाखला बरोबर आहे म्हणतात. (गृहिणी, बेळगाव)

उत्तर : ताई, दोघांचंही बरोबर आहे, आणि सीट जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. दाखल्यावर आरडी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. केईएचा संगणक त्यावरून महसूल खात्याच्या नोंदी उघडतो आणि नाव, गट, मुदत ताडून पाहतो. मराठी घरांत नाव तीन पदरी असतं : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर कधी आडनाव आधी येतं, कधी वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरावर येतं, आणि आधारवर तिसराच प्रकार असतो. तलाठ्याने दाखल्याचा अर्ज आधारवरून भरला आणि सीईटीचा फॉर्म मार्क्सकार्डावरून भरला की दोन नावं पडतात. पडताळणीच्या मुदतीत हे सुटलं नाही तर दावा नामंजूर होतो आणि मुलगी जीएममध्ये धरली जाते.

म्हणून नाव ठरवताना एसएसएलसीचं मार्क्सकार्ड प्रमाण माना, कारण ते बदलणं सगळ्यांत अवघड. आधी आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा, मग नाडकचेरीत नवा अर्ज द्या. अर्ज तलाठी, महसूल निरीक्षक, तहसीलदार असा फिरतो. निकालानंतरच्या गर्दीत तो अडकतो, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकावं. नवा नंबर हाती आला की दाखल्याचा नमुनाही पाहून घ्या : अनुसूचित जाती-जमातींना नमुना डी, प्रवर्ग-१ ला नमुना ई, आणि २-ए, २-बी, ३-ए, ३-बीला नमुना एफ. दाखल्याची मुदत पाच वर्षे. दहावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला बारावीला चालतो, मात्र सातवीत काढलेला बहुधा संपलेला असतो.

२-ए पासून ३-बीपर्यंतच्या गटांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. त्याशिवाय पालकांची नोकरी आणि जमीनही पाहिली जाते. प्रवर्ग-१ ला ही अट नाही.

तहसीलदारांनी दाखला नाकारला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. लेखी आदेश मागा. १९९० च्या कर्नाटक कायद्यानुसार त्यावर सहायक आयुक्तांकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करता येतं. अपिलाला सर्वांत मोठा आधार शाळेच्या रजिस्टरचा. वडिलांचा, चुलत्यांचा, शक्य असल्यास आजोबांचा शाळेतला उतारा काढून ठेवा. कुठे नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं असतं, कुठे जातीच्या जागी आडनाव. अशा वेळी एका घरातल्या तीन-चार जणांचे उतारे एकत्र दिले की चित्र स्पष्ट होतं.

प्रश्न : राज्याच्या जात सर्वेक्षणात आम्ही पोटजात कुणबी सांगितली. त्यावरून कुणब्याचा दाखला मिळेल का? (निपाणी)

उत्तर : नाही. सर्वेक्षण सरकारला धोरण ठरवण्यासाठी असतं. दाखला शाळेच्या आणि महसुलाच्या जुन्या नोंदींवर मिळतो. महाराष्ट्रात मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटवरून निघालेला शासन निर्णयही तिकडच्या रहिवाशांसाठी आहे.

प्रश्न : आमची शाळा नंदगडजवळच्या खेड्यात, मराठी माध्यमाची. मुलांना ग्रामीण कोटा मिळतो का? कन्नड माध्यमवाल्यांनाच मिळतो असं पालक म्हणतात. (शिक्षक, खानापूर तालुका)

उत्तर : गुरुजी, ही गैरसमजूत तुम्ही वर्गावर्गात जाऊन दूर करा, कारण यात आपल्या मुलांचं फार नुकसान होतं. दोन कोटे वेगवेगळे आहेत. कन्नड माध्यमाचा ५ टक्के : पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना. ग्रामीण १५ टक्के : पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेल्यांना. ग्रामीण कोट्यात माध्यम विचारत नाहीत. मराठी शाळेतल्या मुलाचा त्यावर पुरता हक्क आहे.

हे दोन्ही कोटे प्रत्येक गटाच्या आत मोजले जातात. केईएच्या कटऑफच्या तक्त्यात एकाच गटाची तीन घरं दिसतात : ३बीजी म्हणजे साधा, ३बीआर ग्रामीण, ३बीके कन्नड माध्यम. खुल्या गटातही जीएम, जीएमआर, जीएमके असे तीन रकाने असतात. ज्या समाजाला कोणताच प्रवर्ग नाही त्या घरातल्या खेड्यातल्या मुलालाही जीएमआर मागता येतो. त्याने क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा दाखला जोडायचा.

आता हा कोटा कुठे हुकतो ते बघा. शाळेची जागा पाहतात, घराची नाही. येळ्ळूर किंवा उचगावात राहून रोज बसने बेळगाव शहरातल्या हायस्कूलला जाणारा मुलगा ग्रामीण ठरत नाही. खानापूर गावात पट्टण पंचायत, म्हणजे नगरपंचायत, आहे, म्हणून तिथल्या शाळेत शिकलेली वर्षंही धरत नाहीत. दहापैकी एक वर्ष शहरात गेलं तरी दावा गेला. आपल्याकडे सातवी झाली की ‘आठवीपासून बेळगावला घाला’ अशी पद्धत आहे. शहरातली शाळा खरोखर चांगली असेल तर जरूर घाला, पण पाच वर्षांनी काय सोडावं लागेल हे पालकांना त्या वेळी कुणी सांगत नाही. ते तुम्ही सांगा.

दाखला द्यायचं काम मुख्याध्यापकांचं, आणि त्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिस्वाक्षरी लागते. मुलाने दोन शाळा बदलल्या असतील तर दोन्हींचे दाखले. वर्षांची बेरीज दहा भरली पाहिजे. मधलं एखादं वर्ष कोणत्याच दाखल्यात आलं नाही की तिथे अर्ज थांबतो.

मराठी माध्यमासाठी कन्नड माध्यमासारखा वेगळा कोटा नाही. राज्यात शतकाहून जुन्या मराठी शाळा असताना ही उणीव बोचणारी आहे आणि ती मांडत राहिलं पाहिजे. तोवर १५ टक्के समोर आहेत ते तरी वाया जाऊ नयेत.

प्रश्न : मुलगा दहावीपर्यंत निपाणीत शिकला, अकरावी-बारावी कोल्हापुरात. दोन्ही राज्यांनी आम्हाला परकं धरलं तर? (व्यापारी, निपाणी)

उत्तर : तसं होणार नाही, उलट तुमच्यासमोर दोन दारं आहेत.

कर्नाटकात मुख्य अट दुहेरी आहे : पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत, आणि दहावी किंवा बारावीपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण. तुमच्या मुलाची दहा वर्षे आहेत आणि एसएसएलसीही इथलीच. कोल्हापूरच्या दोन वर्षांनी बाधा येत नाही. ३-बी असो वा ग्रामीण, दावेही टिकतात.

महाराष्ट्रात सीमाभागासाठी वेगळी तरतूद आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश नियमांत महाराष्ट्राचे उमेदवार ए ते ई अशा प्रकारांत मोजतात. ई हा प्रकार वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांचा. महाराष्ट्राचा दावा असलेली ८६५ गावे आणि बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी, कारवार ही शहरं त्यात येतात. ठरलेल्या नमुन्यातले दोन दाखले लागतात : एक गाव वादग्रस्त भागात असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. शाळेच्या रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते आजच पाहा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हा रकाना अनेकदा रिकामा असतो किंवा शाळेने आपल्या मनाने भरलेला असतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कर्नाटकची सीईटी तिकडे चालत नाही. एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते आणि तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी निघतो. आणि कर्नाटकचा ३-बी दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही, तिथे त्या राज्याचा जातीचा दाखला आणि जात वैधता मागतात. अनुसूचित जातींनाही हेच लागू. स्थलांतर केलं की पहिल्या राज्याचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं आणि २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं.

प्रश्न : आम्ही चंदगड तालुक्यातले. मुलगी दहावीनंतर बेळगावात पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे. तिला कर्नाटकची सीट मिळेल? (आई)

उत्तर : मुलीची कर्नाटकातली वर्षं दोनच भरतात, म्हणून वरच्या नियमात ती बसत नाही. पण तुमचं माहेर कुठलं? आई किंवा वडील यांपैकी एकाचं कर्नाटकात किमान सात वर्षे शिक्षण झालेलं असेल आणि मुलीने पीयूसीची दोन्ही वर्षे इथे केली असतील तर तिला वेगळ्या कलमाखाली पात्रता मिळते. चंदगडात दिलेल्या कितीतरी लेकी बेळगाव-खानापूरच्या शाळांत शिकलेल्या आहेत, आणि आईची सातवी-दहावी इथे मुलीच्या उपयोगी पडते हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या शाळेतून शिक्षणाचा दाखला काढा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा कागद सोबत जोडा. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी असल्याने कर्नाटकचा प्रवर्गाचा दाखला निघणार नाही. मुलगी जीएममधून लढेल असं धरून तयारी करा.

प्रश्न : मेडिकलच्या नीटच्या फॉर्मवर ओबीसी लिहायचं की ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक)? आमचा ३-बी आहे. (पालक, चिक्कोडी)

उत्तर : नीटच्या अखिल भारतीय कोट्यात केंद्राची यादी चालते. २०२१-२२ पासून त्या कोट्यात ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के आहेत. राज्याच्या ३-बीत आहोत म्हणजे केंद्राच्या ओबीसीत आहोत असं होत नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर कर्नाटकची केंद्रीय यादी आहे. तीत आपल्या जातीचं नाव शोधा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला काढा, नमुना एफ तिथे चालत नाही. नसेल तर केंद्राच्या कामासाठी तुम्ही आरक्षणाबाहेरचे ठरता आणि ईडब्ल्यूएससाठी अर्ज करू शकता.

ईडब्ल्यूएसला पगार, शेती, धंदा सगळं मिळून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी हवी आणि फ्लॅट १,००० चौरस फुटांपेक्षा लहान. शेतीच्या उत्पन्नावरून इथे गल्लत होते : केंद्राच्या ओबीसी क्रीमी लेयरमध्ये पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसमध्ये दोन्ही धरतात.

बेळगावपुरतं सांगायचं तर बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज. तिथल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के केईएकडे, जिथे तुमचा ३-बी चालतो. जेएनएमसी हे दुसरं मेडिकल कॉलेज अभिमत विद्यापीठात आहे. तिथले प्रवेश दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय समितीमार्फत होतात आणि राज्याचा प्रवर्ग तिथे लागू होत नाही.

प्रश्न : माझ्यापेक्षा दोन हजार रँक मागे असलेल्या मित्राला सीट मिळाली, मला नाही. गुणवत्तेला काय अर्थ राहिला? (विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : तुझी तळमळ खरी आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. इंजिनिअरिंगची रँक पीयूसीच्या तीन विषयांचे ५० टक्के आणि सीईटीचे ५० टक्के मिळून होते. दोन हजार रँकचा फरक कधी कधी मोजक्या गुणांचा असतो. शहरातली शाळा, दोन वर्षांचा क्लास, घरात प्रश्न विचारायला एखादा इंजिनिअर, हे असलं की तेवढे गुण सहज मिळतात. जांबोटीच्या पलीकडून पावसाळ्यात बस बंद पडली की तासच बुडतात, त्या मुलाने आणलेले गुण त्याच तराजूत घातले तर मोजमाप चुकतं. आरक्षण हा फरक धरून मोजतं.

आणि वर मांडलेला हिशोब पुन्हा बघ : ६० पैकी केईएच्या २७, त्यांतल्या आरक्षित सुमारे १५. उरलेल्या ३३ जागा जास्त फी देऊ शकणाऱ्याच्या हातात आहेत. तुझी सीट कुणी घेतली हा प्रश्न विचारायचा तर त्या ३३ जागांकडेही बोट दाखवायला हवं. तुझ्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर सुपरन्युमररी कोटा पाहिलास का? मंजूर जागांवर जादा ५ टक्के, जातीची अट नाही, फी बरीच कमी. फॉर्ममध्ये तेवढा एक रकाना भरायचा राहतो आणि संधी जाते.

प्रश्न : पुतण्या एमएसला अमेरिकेत जातोय. तिथे आपली जात किंवा मागास असणं लिहावं का?

उत्तर : तिथे आपल्यासारखे राखीव टक्के नाहीत. वंशाचा विचार अनेक गोष्टींपैकी एक म्हणून होत असे, आणि तोही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात बेकायदा ठरवला. आपल्या आयुष्यावर त्याचा काय परिणाम झाला हे निबंधात लिहायला निकालाने मुभा ठेवली आहे. प्रवर्गाचा दाखला जोडून उपयोग नाही. कोणत्या शाळेतून, कशा अडचणीतून, काय शिकून आला, हे प्रसंगासह लिहावं.

प्रश्न : सीट लागल्यावर चॉइस १, २, ३, ४ यांतलं काय निवडायचं? (अनेक पालक)

उत्तर : चॉइस १ : सीट मान्य, फी भरून कॉलेजात रुजू. चॉइस २ : सीट मान्य, फी भरायची, पण याहून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत थांबायचं, वरचं लागलं की हातातली जाते. चॉइस ३ : हातातली सीट सोडून पुढच्या फेरीत. चॉइस ४ : बाहेर. २ आणि ३ यांत गल्लत होऊन दर वर्षी मुलं चांगली सीट गमावतात. ज्याला हातातलं सोडायचं नाही त्याने ३ वर बोट ठेवू नये.

पर्याय भरताना क्रम मनापासूनच्या पसंतीचा ठेवा. ‘हे लागणार नाही’ म्हणून वरचं कॉलेज खाली टाकू नका. क्रमात खाली असलेलं कॉलेज वरचं लागल्यावर मिळत नाही. आधी मॉक म्हणजे तात्पुरतं वाटप येतं. त्यात सीट कोणत्या गटातून दाखवली आहे ते वाचा. दावा ३-बी ग्रामीणचा असून समोर नुसतं जीएम दिसत असेल, तर रँक चांगली म्हणून जीएममधून लागली की दावा नामंजूर झाला म्हणून, हे पडताळणीच्या पानावर तपासा. दुसरं कारण असेल तर बीईओ कार्यालयात जाण्याचे तेवढेच दोन-तीन दिवस हातात असतात.